नेट गेलं, परत आलं, हिरवा दिवाही लागला, पण मधले मेसेज कुठे गेले? क्लायंट आपोआप जोडणं आणि फेलओव्हर

हर्णैचा_वारा | १० मे, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे, लाद्यांचा. मिठाच्या पाण्याच्या टाक्यांत, कॉम्प्रेसरवर, पंपांवर मिळून १४ सेन्सर लावलेत, दर १० सेकंदांनी माप घेतात. एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) आहे, त्यात पायथनचा प्रोग्रॅम, पाहो लायब्ररी वापरून एमक्यूटीटीने (यंत्रांनी छोटे मेसेज पाठवायची पद्धत) सगळं मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवरच्या ब्रोकरकडे (मेसेज घेऊन पुढे वाटणारा प्रोग्रॅम) पाठवतो. तापमान चढलं की तो सर्व्हर उलटा आदेश पाठवतो आणि इथे भोंगा वाजतो. फायबर आहे, फायबर गेली की राउटर आपोआप सिमवर जातो. पाय यूपीएसवर आहे.

परवा रात्री दोनच्या सुमाराला विजा चमकायला लागल्या, लाईट एकदा मिचकली, कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि त्याच झटक्यात फायबरही गेली. राउटर मिनिटभरात सिमवर गेला. एवढं सगळं ठरल्याप्रमाणे. पण सर्व्हरवर पुढची पंधरासोळा मिनिटं एकही माप नाही, आणि पायच्या लॉगमध्ये मात्र 'कनेक्टेड', प्रत्येक पब्लिश (मेसेज पाठवणं) यशस्वी! मग कधीतरी ते आपलं आपण तुटलं, परत जोडलं गेलं, मापं यायला लागली, सर्व्हरने भोंग्याचा आदेश दिला, आणि भोंगा वाजलाच नाही. साडेपाचला रखवालदार टाकीवर गेला तेव्हा कळलं. उणे १० वर असायला हवं ते पाणी उणे ३ वर. सकाळच्या लाद्या कच्च्या राहिल्या, होड्या बर्फासाठी थांबलेल्या. मासेमारी बंदीला तीन आठवडे उरलेत, एकेक दिवस मोलाचा असतो हो या लोकांना.

सेटिंग सांगतो: कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत आहे का ते तपासायचं अंतर, ६०० सेकंद (सिमचा डेटा वाचावा म्हणून), क्यूओएस (मेसेज पोचवायच्या हमीची पातळी) ०, क्लीन सेशन चालू. ऑटो रीकनेक्ट तर पाहोमध्ये असतोच असं वाचलं होतं. चुकलं कुठे? आणि दापोलीच्या ऑफिसात दुसरा ब्रोकर टाकून फेलओव्हर (एक पडला की आपोआप दुसऱ्याकडे जाणं) केलं तर हे टळेल का?

---

तिरफळ | ११ मे, सकाळी ७:१५

बरा केलंस हय इचारलंस ता. आमच्याकडे कुडाळात पण पावसाच्या तोंडावर हेच रडगाणं. सुरंगीताई येतील, त्यांचं या विषयातलं काम मोठं आहे, थांब जरा.

---

सुरंगी | ११ मे, सकाळी ९:३०

दादा, नुकसान वाचून वाईट वाटलं. तुम्ही सेटिंग लिहिलीत त्यामुळे बरंचसं इथूनच दिसतंय. दोन वेगळे दोष आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला म्हणजे तुटलंय हे कळायलाच उशीर. फायबरवरून सिमवर गेलात म्हणजे बाहेरचा पत्ता बदलला. जुनं टीसीपी कनेक्शन त्या क्षणी मेलं, पण मेल्याचं पायला कोणी सांगितलं नाही. नव्या वाटेने गेलेल्या पाकिटांना कधी समोरून रिसेट (जोडणी तुटल्याचा निरोप) येतो आणि लगेच कळतं, कधी मधला नॅट (वाटेत पत्ते बदलून देणारा टप्पा) गप्प गिळून टाकतो. तुमच्याकडे गिळलं. मग लिनक्सचा कर्नल (पायच्या सिस्टीमचा गाभा) तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, मूळ सेटिंगमध्ये १५ वेळा, दर वेळी थांबायचा वेळ वाढवत, आणि हात टेकायला त्याला कमीत कमी ९२४ सेकंद लागतात. तुमची पंधरासोळा मिनिटं ती हीच. तेवढ्या वेळात तुमचा प्रोग्रॅम लिहितोय ते नुसतं कर्नलच्या बफरमध्ये पडतंय. क्यूओएस ० मध्ये पब्लिश यशस्वी म्हणजे 'सॉकेटवर टाकलं' एवढंच, 'पोचलं' नव्हे.

कीपअलाइव्ह ६०० ठेवल्यामुळे एमक्यूटीटीची स्वतःची नाडी तपासणीही उपयोगी पडली नाही. पाहो कीपअलाइव्हएवढा वेळ काही आलं नाही की पिंग टाकतो, आणि त्याचं उत्तर पुढच्या तेवढ्याच वेळात नाही आलं तर तोडतो, म्हणजे वीस मिनिटं गेली असती. ब्रोकरच्या बाजूने नियम दीडपटीचा, ६०० ला ९०० सेकंद. ३० करा. डेटाची काळजी करू नका, पिंग २ बाइट आणि त्याचं उत्तर २ बाइट, वर टीसीपी आयपी टीएलएसचे हेडर धरले तरी दर ३० सेकंदांनी दिवसाला २८८० पिंग एक एमबीच्या आतच बसतात.

दुसरा दोष भोंग्याचा. ब्रोकरकडून आदेश मिळावेत म्हणून तुम्ही सबस्क्राइब कुठे करताय? बहुतेक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, कनेक्टच्या खालच्या ओळीत एकदाच. क्लीन सेशन चालू असेल तर कनेक्शन तुटलं की ब्रोकर तुमची सबस्क्रिप्शन विसरतो. पाहोने परत जोडून दिलं, पण सबस्क्राइब कोणी केलंच नाही. ते ऑनकनेक्टच्या कॉलबॅकमध्ये टाका, दर वेळी जोडलं की होईल. शिवाय क्लीन सेशन बंद, क्लायंट आयडी ठरलेला, क्यूओएस १. म्हणजे मधल्या काळातले आदेश ब्रोकर राखून ठेवेल.

पण खरं सांगू, भोंगा मुंबईहून वाजवायचाच कशाला? सेन्सर आणि भोंगा एकाच छपराखाली आहेत. मर्यादा ओलांडली की पायनेच वाजवावा. मुंबईने काय करायचं ते वेगळं: दोन मिनिटं माप आलं नाही की तुम्हाला फोन लावायचा. माप न येणं हीच मोठी सूचना आहे.

---

हर्णैचा_वारा | ११ मे, दुपारी १:०५

ताई, सबस्क्राइब अगदी तिथेच आहे, कनेक्टच्या खाली. आज बदलतो. आणि भोंग्याचं म्हणालात ते इतकं सरळ आहे की आधी सुचायला हवं होतं. मनापासून आभार.

---

तिरफळ | ११ मे, दुपारी २:२०

ठरलेला क्लायंट आयडी ठेवताना एक सांभाळ. आम्ही एका पायचं एसडी कार्ड कॉपी करून दुसऱ्या पायमध्ये घातलं, आयडी तोच राहिला. एमक्यूटीटीचा नियमच आहे की त्याच आयडीने नवीन कोणी आलं की ब्रोकर जुन्याला बाहेर काढतो. आता दोघांनाही ऑटो रीकनेक्ट, मग हा आला की तो बाहेर, तो आला की हा बाहेर, दिवसभर. आम्ही आठवडाभर सिमला दोष देत होतो. ब्रोकरच्या लॉगमध्ये दर सेकंदाला जोडणं तोडणं दिसलं तर आधी आयडी बघ. पायच्या सीरियल नंबरवरून आयडी बनव, कार्ड कितीही कॉपी केलं तरी वेगळा राहतो.

---

चिरेबंदी | ११ मे, रात्री १०:१०

मी मूळचा सावंतवाडीचा, नोकरीला पुण्यात, आमच्याकडे एमक्यूटीटी नाही, जावा आणि ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक (हाही मेसेजचा ब्रोकरच), पण प्रश्न सख्खे भाऊच आहेत म्हणून लिहितो. तिथे क्लायंटच्या पत्त्याच्या आधी फेलओव्हर शब्द लावायचा आणि कंसात दोन्ही ब्रोकरचे पत्ते, ६१६१६ पोर्टसकट. मग जोडणं, तुटणं, दुसऱ्याकडे जाणं सगळं लायब्ररी करते. पहिला प्रयत्न १० मिलिसेकंदांनी, मग दुप्पट दुप्पट, कमाल ३० सेकंद, आणि मूळ सेटिंगमध्ये प्रयत्न कधीच थांबत नाहीत.

हे 'कधीच थांबत नाहीत' आमच्या अंगाशी आलं. ब्रोकर पडला तेव्हा मेसेज पाठवणारा सेंड हा कॉल एररही देत नाही आणि परतही येत नाही, नुसता उभा राहतो, कारण टाइमआउटची मूळ किंमत उणे एक, म्हणजे अनंत काळ वाट बघ. वेब ॲप्लिकेशनचे सगळे थ्रेड एकेक करून त्या सेंडमध्ये अडकले आणि ब्रोकरशी संबंध नसलेली पानंही बंद पडली. तेव्हापासून टाइमआउट ३००० ठेवतो, तीन सेकंदांत नाही गेलं तर एरर येते, मेसेज डेटाबेसच्या एका टेबलात ठेवून मागाहून पाठवतो.

आणखी दोन गोष्टी. रँडमाइझ मूळचं चालू असतं, म्हणजे क्लायंट यादीतला कुठलाही ब्रोकर आधी धरतो, ठरावीकच आधी हवा तर ते बंद करायचं. आणि जुनी कॉन्फिग फाइल नव्या आवृत्तीवर नेताना मॅक्स रीकनेक्ट अटेम्प्ट्स बघा: ५.६ च्या आधी शून्य म्हणजे कायम प्रयत्न, ५.६ पासून उणे एक म्हणजे कायम आणि शून्य म्हणजे प्रयत्नच नको. एक आकडा, अर्थ बरोब्बर उलटा.

---

हर्णैचा_वारा | १२ मे, सकाळी ८:५०

चिरेबंदी, हेच मला हवंय, दोन पत्ते द्यायचे आणि विसरून जायचं. पाहोमध्ये असं आहे का? मुंबई पहिला, दापोली दुसरा.

---

सुरंगी | १२ मे, सकाळी ११:२५

पाहोच्या जावा आणि सी लायब्ररीत पत्त्यांची यादी देता येते, पायथनमध्ये कनेक्टला एकच होस्ट. स्वतः लिहायला अवघड नाही, पण मी तुम्हाला तसं करू नका म्हणेन.

कारण असं बघा. चिरेबंदींच्या ॲक्टिव्हएमक्यूच्या जोडीत दोन्ही ब्रोकरचं साठवण एकच असतं, एका वेळी एकच जागा असतो, तो पडला की दुसरा त्याच साठ्यावर उभा राहतो. तुमचे मुंबई आणि दापोली हे दोन स्वतंत्र ब्रोकर. तुमची सेशन, रांगेतले मेसेज, राखून ठेवलेले आदेश मुंबईतच राहतील आणि तुम्ही दापोलीला जाऊन रिकाम्या सेशनवर बसाल. मुंबईवर कान लावून बसलेल्या प्रोग्रॅमला दापोलीत काय आलं ते कळणार नाही. पत्ते दोन झाले म्हणून साठा एक होत नाही. आणि तुमचा ब्रोकर पडला कधी? पडली ती वाट. कारखान्यापासून मुंबईपर्यंतची वाट पडली तर दापोलीची वाटही बहुतेक त्याच खांबावरून जाते.

म्हणून साठवण कारखान्यातच ठेवा. पायवरच मॉस्किटो ब्रोकर टाका, सेन्सरचा प्रोग्रॅम लोकलहोस्टला, म्हणजे त्याच पायला, बोलेल, ते कनेक्शन वीज आहे तोवर तुटायचं कारणच नाही. मग मॉस्किटोचा ब्रिज (दुसऱ्या ब्रोकरकडे मेसेज पोचवणारा दुवा) मुंबईला जोडा, टॉपिक (मेसेजचा विषय) बाहेर जाणारा, क्यूओएस १, ब्रिजचं क्लीन सेशन फॉल्स. वाट बंद असेल तोवर मेसेज पायवर साठतील, उघडली की जातील. दुसरा पत्ता हवाच असेल तर ब्रिजच्या ॲड्रेसेसमध्ये दोन्ही लिहा आणि राउंड रॉबिन फॉल्स ठेवा, मग पहिला मुख्य धरला जातो आणि दुसऱ्यावर असतानाही तो पहिल्याकडे परतायचा प्रयत्न करत राहतो.

आता तीन मूळ सेटिंग, ज्या न बदलता हे केलंत तर पुन्हा रडायची वेळ येईल.

पर्सिस्टन्स (मेसेज डिस्कवर राखणं) मूळचं बंद असतं, चालू करा. चालू केलं तरी ऑटोसेव्ह इंटरव्हल १८०० सेकंद, म्हणजे डिस्कवर अर्ध्या तासाने एकदा लिहिलं जातं. नीट बंद केलं तर लिहून बंद होतो, पण यूपीएस संपून झटक्यात गेला तर शेवटची अर्ध्या तासापर्यंतची मापं गेली. मी ६० ठेवते. एसडी कार्ड झिजतं त्याने, म्हणून डेटा एखाद्या यूएसबी एसएसडीवर.

आणि मॅक्स क्यूड मेसेजेस, म्हणजे रांगेत जास्तीत जास्त किती ठेवायचे ते, नव्या आवृत्त्यांत मूळ १०००. ऐकायला भरपूर वाटतं. तुमचे १४ सेन्सर, मिनिटाला सहा मापं, म्हणजे ८४. हजार भरायला बारा मिनिटंही लागत नाहीत! त्यापुढचं टाकून दिलं जातं. बारा तास फायबर आणि सिम दोन्ही नसतील असं धरलं तर ६०,४८० मेसेज होतात. एक लाख ठेवा, तुमची मापं छोटी आहेत, पायच्या मेमरीत आरामात बसतील.

---

आंबेबाग | १२ मे, सायंकाळी ६:४०

बारा तास कमी धरताय ताई. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कितीतरी गावांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. तितकं साठवायचं असेल तर दहा सेकंदांचं माप साठवू नका, नेट गेल्यावर मिनिटाची सरासरी ठेवा.

माझा अनुभव उलट्या टोकाचा. देवगड पट्ट्यात बागांमधून आमची हवामानाची साठेक यंत्रं आहेत. ब्रोकर अपडेटसाठी बंद करून चालू केला, तर साठही यंत्रं एकाच क्षणी टीएलएस हँडशेकला (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) उभी. छोटा सर्व्हर, सीपीयू शंभर टक्के, निम्म्यांचा हँडशेक टाइमआउट, ती परत एकदम उभी. पाहो पायथनचा परत जोडायचा वेळ १ सेकंदापासून दुप्पट होत १२० पर्यंत जातो, पण सगळ्यांचा सारखाच दुप्पट होतो, कारण तुटली सगळी एकाच क्षणी! प्रत्येकाच्या थांबण्यात आपला आपला यादृच्छिक तुकडा घाला, म्हणजे ८ सेकंद थांबायचं तर ० ते ८ मधलं काहीही. एवढ्याने आमचा गोंधळ थांबला. मॉस्किटोच्या ब्रिजमध्ये हे आधीच असतं, त्याचा परत सुरू व्हायचा वेळ मूळचाच ५ ते ३० सेकंदांत हलता असतो.

---

तिरफळ | १२ मे, रात्री ९:०५

लाईट आल्यावरचं पण सांगा कोणीतरी. पाय वीस सेकंदांत उठतो, राउटरला दोन मिनिटं लागतात. पहिलं कनेक्टच फसतं आणि प्रोग्रॅम एरर देऊन मरतो. ऑटो रीकनेक्ट तिथे कामच करत नाही.

---

चिरेबंदी | १२ मे, रात्री ११:३०

अगदी. 'री'कनेक्ट म्हणजे एकदा तरी जोडलेलं असायला हवं. पाहो जावाचं ऑटोमॅटिक रीकनेक्ट तसंच, रॅबिटएमक्यूच्या (आणखी एक ब्रोकर) जावा क्लायंटची रिकव्हरी पण तशीच: तुटल्यावर दर ५ सेकंदांनी प्रयत्न करतो, क्यू आणि बाइंडिंगसुद्धा परत उभी करतो, पण पहिलंच कनेक्शन फसलं तर ते आपल्या गळ्यात. रॅबिटएमक्यूची पायथनची लायब्ररी पिका तर रिकव्हरी करतच नाही, सगळं आपण लिहायचं.

पाहो पायथनमध्ये कनेक्टऐवजी कनेक्ट असिंक आणि मग लूप स्टार्ट वापर, पहिला प्रयत्नही तो लूपच करत राहतो. आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारा, मेला तर उठवणारा) रीस्टार्ट ऑलवेज लिहून निश्चिंत होऊ नको. मूळ थांबणं १०० मिलिसेकंद आणि १० सेकंदांत ५ वेळा मेला की सिस्टमडी नाद सोडतो, परत उठवतच नाही. रीस्टार्टसेक १० कर.

---

हर्णैचा_वारा | १३ मे, सकाळी ६:२०

रात्री बसून पायवर मॉस्किटो टाकला, ब्रिज लागला. पण साठलेले मेसेज परत पाठवताना काही मापं मुंबईच्या डेटाबेसात दोनदा दिसतायत. हे कसं टाळायचं?

---

सुरंगी | १३ मे, सकाळी १०:००

टाळायचं नाही, सोसायचं. क्यूओएस १ म्हणजे 'निदान एकदा'. पोचपावती यायच्या आत वाट तुटली तर पाठवणारा पुन्हा पाठवणारच, आणि तसं पाठवावं हेच आपल्याला हवंय. डेटाबेसमध्ये सेन्सरचा क्रमांक आणि मापाची वेळ मिळून युनिक की करा, दुसरी नोंद आपोआप नाकारली जाईल. त्यासाठी वेळ माप घेतानाच लावायची, सर्व्हरवर पोचल्याची नको.

आणि इथे रास्पबेरी पायची एक गोम आहे. पाय ४ पर्यंत त्यात घड्याळाची बॅटरी नाही, घड्याळाचा चिपच नाही. लाईट जाऊन येते, नेट अजून नाही, पायला वाटतं अजून काल संध्याकाळच आहे, आणि तुमची मापं चुकीच्या वेळेने साठतात. डीएस३२३१ चं, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं, छोटं मॉड्यूल लावा.

उशिरा पोचलेल्या जुन्या मापावर कोणाला मध्यरात्री फोन जाऊ नये म्हणून सर्व्हरने मापाची वेळ बघूनच सूचना द्यायची. तसंच, मुंबईहून पंप सुरू बंद करायचे आदेश पुढे कधी पाठवणार असाल तर एमक्यूटीटी ५ मध्ये मेसेजला मुदत देता येते, ६० सेकंद द्या. चार तासांपूर्वीचा 'पंप बंद करा' आत्ता येऊन लागू झाला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

---

आंबेबाग | १३ मे, दुपारी १२:१५

तपासताना पायची केबल उपटून 'चाललं की' म्हणू नका. केबल उपटली की पायला लगेच कळतं, ते सोपं मरण. राउटर आणि फायबरच्या डब्यामधली केबल काढा. नाहीतर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) ८८८३ पोर्टची, म्हणजे एमक्यूटीटीच्या सुरक्षित जोडणीची, पाकिटं ड्रॉप करा, रिजेक्ट (नकार कळवणं) नाही, ड्रॉप (गुपचूप टाकून देणं). तुमच्या त्या रात्रीचं सोंग त्यानेच वठेल.

---

हर्णैचा_वारा | २७ मे, रात्री १०:५५

मंडळी, सांगितल्याप्रमाणे करून बघितलं ते लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

ड्रॉप लावून तीन रात्री बघितलं. कीपअलाइव्ह ३० केल्यावर तुटल्याचं मिनिटाच्या आत कळतंय. ब्रिज पाच तास बंद ठेवला, मुंबईत २५,२०० मापं यायला हवी होती, युनिक कीनंतर बरोब्बर तेवढीच मोजली. यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून पाय झटक्यात पाडला, तेव्हा शेवटच्या मिनिटातली थोडी मापं गेली, तेवढं चालेल. भोंगा आता पायच वाजवतो, नेट असो नसो. मुंबईच्या सर्व्हरला दोन मिनिटं माप दिसलं नाही की मला आणि रखवालदाराला फोन. परवा रात्री खरोखरच फायबर गेली, सिमवर जायला वेळ लागला, फोन आला, मी टाकीवर जाऊन बघितलं तर पाणी उणे १० वर होतं.

दापोलीचा ब्रोकर टाकला नाही. त्या पैशात एसएसडी आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं.

एकच राहिलंय, घड्याळाचं मॉड्यूल. इथे मिळत नाही, मागवलंय ते अडकलंय. १ जूनला बंदी लागली की टाक्या रिकाम्या होतील, तेव्हा पायची पेटी उतरवून छपराखाली उंच लावणार आहे, तेव्हाच बसवायचा विचार आहे.

---

तिरफळ | २८ मे, सकाळी ७:४०

माझ्याकडे दोन पडलेत डीएस३२३१. रविवारी चिपळूणला येतोय, तिथपर्यंत ये, एक घेऊन जा. बॅटरी वेगळी घे पण, माझ्याकडच्या जुन्या झाल्यात.